लाटेची वहिवाट

गट नंबर २१४.

पंचवीस लाख किलोमीटर.

बाभळीच्या काट्यांचं कुंपण.

सूर्याच्या दहा लाख पट वजन.

एक डावी चप्पल.

या पाचही गोष्टी आमच्या ग्रामसभेच्या एकाच इतिवृत्तात आहेत. विषय होता निकिताचा रहिवासी दाखला. उद्या दुपारपर्यंत तो पुण्यात पोचला नाही, तर जर्मनीतली गुरुत्वीय लाटांवरच्या संशोधनाची तिची जागा जाणार होती. सरपंच गोरक्षनाथ तिचे वडील. तरी दाखला अडला.

घोळ निकिताच्या खरेपणाने झाला. ग्रामसेवक वैजनाथ भाऊसाहेबांनी सहज विचारलं, "त्या लाटा गावातून जाणार का?"

"हो. सगळ्यांच्या आरपार."

भाऊसाहेबांनी फळ्यावर नोटीस लावली. हरकत असल्यास सात दिवसांत कळवावे; हरकत मिटेपर्यंत दाखला नाही. सातव्या दिवशी म्हाताऱ्या बनुबाईंनी अंगठा उठवला: माझ्या गट नंबर २१४ मधून लाट न्यायची न्हाई.

म्हणून सभा.

निकिताने तीन चपला त्रिकोणात मांडल्या. दोन स्वतःच्या, तिसरी बनुबाईंची, डावी.

"ही अवकाशातली तीन यानं. एकमेकांपासून पंचवीस लाख किलोमीटरवर. लाट आली की अंतर अणूहूनही कमी बदलतं. ते लेसरने मोजायचं."

"मग हितं जमिनीवर मोज की," कुणीतरी म्हणालं.

"उसाचे ट्रॅक्टर जातात. जमीन हलते."

हे सभेला लगेच पटलं.

"विश्वाच्या सुरुवातीला काही कृष्णविवरं फारच लवकर मोठी झाली. सूर्याच्या दहा लाख पट, त्याहूनही जड. कशी, ते नक्की माहीत नाही. आजूबाजूचं गिळून, की एकमेकांत मिसळून? मिसळताना लाटा उठतात. त्या पकडल्या की कळेल."

"एवढ्यासाठी जर्मनी?" मागून लंकाबाई म्हणाल्या. "आपल्या गावात बी एक रान लई लवकर मोठं झालंय. कसं, ते आमी फुकट सांगू."

सभा हसली. गोरक्षनाथ हसले नाहीत. विषय उरकायला ते बनुबाईंकडे वळले.

"मावशे, ती लाट कवापासून निघालीय? सांग गं निके."

"तेरा अब्ज वर्षं, आण्णा."

"ऐकलं? वहिवाट हाय ती! जुनी वहिवाट कुणाच्या बापाला अडवता येत न्हाई. लिहा भाऊसाहेब."

ठराव क्र. ७: जुनी वहिवाट कोणासही अडवता येणार नाही. सूचक: सरपंच.

"अनुमोदन माझं," बनुबाई म्हणाल्या. "हरकत मागं घेतली. आता तू कुंपण घालून अडवलेली माझी वाट. चाळीस वर्षं २१४ ला त्याच वाटंनं जात हुते. ते बाभळीचं काटं कवा काढतो, गोरख?"

"तो विषय येगळा हाय."

"येगळा कसा? मी काय लाटंपरीस जड हाय?"

"खोडा तो ठराव," गोरक्षनाथ म्हणाले.

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "खोडला तर हरकत परत उभी राहती, सरपंच. मग दाखला न्हाई."

गोरक्षनाथांनी लेकीकडे पाहिलं. निकिता चपलांकडे बघत होती.

"काढतो," ते म्हणाले.

दाखल्यावर शिक्का पडला. निकिताने आपल्या दोन चपला घातल्या. तिसरी तिने उचलून पुढे केली, तर बनुबाईंनी हात मागे घेतला.

"काटं निघस्तोवर ते यान हितंच राहू दे."

आणि एका पायात चप्पल घालून त्या बाहेर पडल्या.

कुंपण घातलं तेव्हा निकिता सहावीत होती. तोवर तीही शाळेला त्याच वाटेने जायची.