एका डब्यातल्या दोन बाटल्या

परत आलेल्या बाटलीला लवंगेचा वास येत होता.

गुडघेदुखीवरच्या एका नव्या गोळीची आमच्या रुग्णालयात चाचणी चालू होती. दर महिन्याला बाटली आणि उरलेल्या गोळ्या तपासून घ्यायच्या, हे माझं काम. रसायनशास्त्र शिकल्यामुळे मला वास बरे कळतात. त्या गोळीत लवंग नक्कीच नव्हती.

"काकू, ही बाटली तुमचीच ना?"

"क्रमांक बघ की. तूच चिकटवलायस," थोरल्या काकू म्हणाल्या.

मी दुसरी बाटली, म्हणजे धाकट्या काकूंची, टेबलावर उपडी केली. त्यातून शर्टाचं बटण पडलं.

"बाटल्या फार छान आहेत हो तुमच्या," धाकट्या काकू कौतुकाने म्हणाल्या. "झाकण कसं घट्ट बसतं. जाऊबाईंच्या बाटलीत लवंगा ठेवल्या, माझ्या बाटलीत बटणं."

"आणि गोळ्या?"

"गोळ्या डब्यात."

"कुणाच्या डब्यात?"

"आमच्या," दोघी एकदम म्हणाल्या. मी काय वेड्यासारखं विचारतेय, असा त्यांचा चेहरा होता. थोरल्या काकूंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढून माझ्यासमोर ठेवला. आत दोघींच्या उरलेल्या पांढऱ्या गोळ्या गुण्यागोविंदाने एकत्र पडल्या होत्या. कुठली कुणाची, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

या दोघी सख्ख्या जावा. त्यांचे नवरे पाठोपाठच गेले, मुलं दूर नोकरीला. आता एकाच घरात खाली थोरल्या काकू राहतात, वर धाकट्या. मधे बाहेरच्या बाजूचा उंच दगडी जिना. गुडघे धड होते तोवर धाकट्या काकू रोज संध्याकाळी खाली येत. घरची रीतच तशी, धाकटीनं थोरलीकडे जायचं. मग आधी एकीचे गुडघे गेले, सहा महिन्यांत दुसरीचे. कुठे जायचंच असेल तेव्हा धाकट्या काकू जिना उतरत, पण बसून, एकेक पायरी करत, लहान मुलासारख्या. चढताना टॅक्सीवाल्याचा हात धरावा लागे. रोज कोण करणार हे? तेव्हापासून दोघींच्या गप्पा खिडकीतून ओरडून चालायच्या आणि वस्तूंची ये-जा दोरीला बांधलेल्या टोपलीतून. "आम्ही एका घरात राहतो आणि तालुक्याच्या दोन टोकांना असल्यासारख्या बोंबलतो," असं थोरल्या काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. चाचणीत त्या आल्या त्या एवढ्यासाठीच. बाकी काही नको, फक्त संध्याकाळी समोरासमोर बसता यावं.

त्या घरात प्रत्येक गोष्ट निम्मी-निम्मी होते. साबणाची वडी दोऱ्याने कापून. वर्तमानपत्राची आधी बाहेरची पानं खाली, आतली पानं वर, मग दुपारी अदलाबदल. हे सगळं मला माहीत होतं, ऐकून मी हसलेही होते. फक्त गोळ्यांचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता.

"तूच तर म्हणालीस," थोरल्या काकूंनी समजावलं, "काही जणांना खरी गोळी आणि काही जणांना पिठाची."

"पिठाची नाही हो काकू. दिसायला तशीच, पण औषध नसलेली."

"नाव काहीही दे. आता एका घरात एकीनं खरी खायची आणि दुसरीनं पिठाची? आमच्याकडे असं कधी झालं नाही. म्हणून दोन्ही बाटल्या डब्यात ओतल्या, डबा खळखळून हलवला. सकाळी ही टोपली सोडते, मी एक गोळी हिला वर पाठवते, एक मी खाते. म्हणजे निम्मं औषध हिच्या पोटात, निम्मं माझ्या. हिशेबात काही चुकलं का?"

मी विचार केला. हिशेब चोख होता. चुकत होतं फक्त विज्ञान.

"पण एकीला खरी आणि एकीला तशी, असं ठरलेलंच नाही," मी म्हटलं. "प्रत्येकीसाठी संगणकाने वेगळा कौल काढलाय. दोघींना खरी असू शकते. दोघींना बिनऔषधाचीही असू शकते."

धाकट्या काकू ताठ बसल्या. "म्हणजे महिनाभर मी पीठ गिळतेय? तेही देवाचं नाव घेऊन?"

"असू शकतं म्हटलं. मला ठाऊक नाही."

"तुला ठाऊक नाही?"

"मॅडमनाही नाही. चाचणी संपेपर्यंत कुणालाच कळू द्यायचं नाही, असाच नियम आहे."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "एवढी शिकली," थोरल्या काकू हळहळल्या, "आणि गोळी देते ती काय आहे ते हिलाच माहीत नाही. अगं, मग शिकवलं काय तुम्हाला?"

मी डबा घेऊन मॅडमच्या खोलीत गेले. मॅडम म्हणजे या चाचणीच्या प्रमुख, हाडांच्या डॉक्टर. फारशा हसत नाहीत. त्यांनी डबा उघडून बघितला, बंद केला, पुन्हा उघडला.

"दीड वर्ष बसून आपण नियमावली लिहिली," त्या म्हणाल्या. "गोळी हरवली तर काय, उलटी झाली तर काय, कुत्र्याने खाल्ली तर काय. स्टीलचा डबा कुणालाच सुचला नाही."

"त्यांना चाचणीतून काढायचं का?"

"छे. जे झालं ते जसंच्या तसं लिहून कळवायचं. संगणकाने ज्या गटात टाकलंय त्याच गटात त्या मोजल्या जातील. पण इथून पुढे जिची बाटली तिनंच खायची. नाही पटलं तर त्यांनी थांबावं, आणि थांबल्या तर आपण तोंड वाकडं करायचं नाही." मग डब्याचं झाकण लावता लावता म्हणाल्या, "डबा परत दे बाई त्यांना. गोळ्या इथे ठेवायच्या."

मी नव्या बाटल्या घेऊन आले आणि सगळं सांगितलं. दोघींनी आपापली बाटली उचलून क्रमांक वाचला. आणि "बरं" म्हणाल्या.

मग धाकट्या काकूंना वजन करायला शेजारच्या खोलीत पाठवलं. दार लोटलं जाताच थोरल्या काकूंनी खुर्ची पुढे ओढली.

"हे बघ पोरी. मला तू पिठाची दे. खरी तिला."

"काकू, मला खरंच माहीत नाही कुठली..."

"माहीत नसेल तर ज्याला माहीत आहे त्याला विचार. माझं काय, मी खालीच राहते. जिना तिला आहे."

थोरल्या काकू वजनाला गेल्या आणि धाकट्या परत आल्या. आल्या त्या थेट माझ्या कानाशी.

"जाऊबाईंना सांगू नकोस हं. त्यांना खरी दे. मला पिठाची चालेल. माझं वय कमी आहे."

"किती कमी?"

"दीड वर्ष," त्या गंभीरपणे म्हणाल्या.

आता बाटल्या वेगळ्या झाल्या. नव्या बाटलीत लवंगा भरायच्या नाहीत, असं मी दोघींकडून कबूलही करून घेतलं.

पुढच्या महिन्यात दोघी आल्या. आमच्या खोलीबाहेर चाचणीसाठी लाकडी जिना ठेवलाय, दोन्ही बाजूंनी कठडा असलेला. वर जायचं, वळायचं, खाली यायचं, आणि मी घड्याळ लावून बघायचं. थोरल्या काकू कठड्याला नुसता हात लावून चढल्या आणि वरून आम्हाला टाटा केला.

धाकट्या काकू चढल्या तेव्हा कठडा करकरला. तोंडाने मात्र त्या हसत होत्या.

"दुखणं किती? शून्य ते दहा," मी विचारलं.

"एक. फार तर दीड."

"खोटं," थोरल्या काकू म्हणाल्या.

"जाऊबाई, गुडघा माझा आहे."

"गुडघा तुझा, पण छत माझं आहे. रोज तुझ्या पावलांखाली बसलेली असते मी. उजवा पाय टेकलास की डावा ओढतेस. पूर्वी सकाळी तीन वेळा ओढायचीस, आता दिवसभर फरफट चालू असते. आणि रात्री उठून बसतेस. पलंग वाजतो."

धाकट्या काकूंनी माझ्याकडे पाहिलं, जशी चोरी पकडल्यावर मुलं तिसऱ्याच माणसाकडे बघतात. "लिही बाई," त्या पुटपुटल्या. "सात."

"आणि माझं नाव काढून टाक," थोरल्या काकू म्हणाल्या. "मी सोडतेय ही चाचणी. ही वर फरफटणार आणि मी खाली टुणटुणीत? खरी गोळी माझ्याकडे आलीय, उघड आहे. मला नको ती."

"तुम्ही सोडून माझा गुडघा बरा होणार आहे का?" धाकट्या काकू भडकल्या. "उगीच त्याग! चित्रपटात काम करताय का?"

"तू खोटं बोलतेस ते चालतं, मी त्याग केला की चित्रपट!"

चाचणी सोडायचा हक्क प्रत्येकाला आहे. 'सोडू नका' असं मी म्हणू शकत नाही. जे खरं आहे तेवढंच सांगू शकते. म्हणून मी खुर्ची ओढली आणि सांगितलं की बिनऔषधाची गोळी खाऊनसुद्धा पुष्कळांचे गुडघे बरे वाटायला लागतात, त्यामुळे थोरल्या काकूंची खरी असेलच असं नाही. काहींचं दुखणं औषध घेऊनही वाढतं, त्यामुळे धाकट्या काकूंची खोटी असेलच असंही नाही. दोन माणसांवरून काहीही ठरत नाही, म्हणून तर इतके गुडघे गोळा केलेत. आणि गोळी गुणाची ठरलीच तर चाचणी संपल्यावर ती सगळ्यांना मिळणार आहे, ज्यांना आधी मिळाली नव्हती त्यांनाही. धाकट्या काकूंना मॅडम आजच तपासतील, दुखणं थांबवायला साधं वेदनाशामक नियमात बसतं, आणि पुढची भेट मी त्यांच्या घरी येऊन घेईन.

थोरल्या काकूंनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मी राहिले तर कळेल गोळी खरी आहे का ते."

"तुमच्यासारखे सगळे राहिले तर."

"गोळी वाटून घ्यायची नाही."

"नाही."

"साबण?"

"साबण घ्या हो."

"आणखी काय वाटून घ्यायचं नाही, ते एकदाच सांग. मागाहून डबा दाखवून ओरडू नकोस."

"मी ओरडले नव्हते. फक्त गोळ्या, काकू. बाकी तुमच्या घरचं तुम्ही बघा."

"मग राहते," त्या म्हणाल्या, आणि धाकट्या काकूंकडे बघून पुढे म्हणाल्या, "बघतेच."

यात धमकी आहे असं मला वाटलं होतं.

महिन्याभराने संध्याकाळी मी वजनकाटा पाठीवर टाकून त्यांच्या घरी गेले. कोपऱ्यावर वळताच वरची खिडकी दिसली, आणि खिडकीतून सुटलेली दोरी. जिन्याच्या तळाशी थोरल्या काकू उभ्या होत्या. एका हातात घडी केलेली वर्तमानपत्राची पानं, दुसऱ्या हातात काठी.

"आलीस? थांब जरा, माझी वेळ झालीय."

"कसली?"

"वर जायची. रोज जाते आता. ही येऊ शकत नाही, तर मी जाते."

"पण घरची रीत..."

"रीत सुरू झाली तेव्हा हिचे गुडघे शाबूत होते," त्या म्हणाल्या. "माझे जरा बरे झालेत. मग ते दोघींनी वापरायचे. गोळी वाटायची नाही म्हणालीस, गुडघे वाटू नका असं म्हणाली नव्हतीस. मी नीट विचारून घेतलं होतं."

त्यांनी पानं ब्लाउजच्या गळ्यात खोचली आणि काठी टोपलीत उभी ठेवली. "दोन्ही हातांनी कठडा धरावा लागतो," त्यांनी मला सांगितलं, आणि मान वर करून हाक दिली, "ओढ गं!"

टोपली काठीसकट हेलकावे खात वर निघाली. थोरल्या काकूंनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मी त्यांच्या मागे, हात जरा पुढे धरून. पडल्या असत्या तर दोघी मिळून गडगडलो असतो, पण तसं त्यांना सांगायची सोय नव्हती. त्या एका पायरीवर दोन्ही पाय टेकत होत्या, मग पुढची. निम्म्यावर त्या थांबल्या, श्वास घेतला.

"घड्याळ लावलंस का?"

"इथे नाही मोजायचं, काकू. नियमात फक्त रुग्णालयातला जिना आहे."

"मोज की! चांगली चढतेय आज. फुकट जातंय सगळं."

आणखी दोन पायऱ्या झाल्या. वर टोपली खिडकीच्या चौकटीवर आदळली, काठी खडखडली, खिडकीत मांडलेल्या चहाच्या कपबश्या वाजल्या. मग धाकट्या काकूंचं डोकं खिडकीतून बाहेर आलं.

"जाऊबाई, काठी कधीची पोचली. तुम्ही कुठे राहिलात?"