दाढेतली सुई

तोंडातून काढलेला कापसाचा बोळा झटकताच स्टीलच्या वाटीत टण्णकन काहीतरी पडलं आणि खोलीतल्या तीस-चाळीस माणसांनी एकदम श्वास ओढला. "निघाली, सुई निघाली," मागून कुणीतरी म्हणालं. पुढे बसलेली शिवणकाम करणारी बाई आ वासून तशीच राहिली. दाढेतून सुई निघाली आणि तिला साधं टोचलंही नव्हतं.

"डॉक्टर तोडतात, आम्ही काढतो," सुईबाबा वाटी फिरवत म्हणाले. "त्यांच्याकडे यंत्रं, आमच्याकडे लहरी. लोखंडाला हाक मारली की ते येतंच. आता त्या दाढेला कुणाचा हात लागू द्यायचा नाही." लहरी कसल्या, हे कुणी विचारलं नाही. शंका घेणाऱ्याचं दुखणं वाढतं, असं दारावरच लिहिलं होतं.

ती बाई तर इथे येण्याआधीच घाबरून अर्धी झाली होती. चार दिवसांपूर्वी रूट कॅनाल करताना दातांच्या डॉक्टरबाई मध्येच थांबल्या. दाढेचा एक्स-रे काढून त्यांनी सरळ सांगितलं, "मुळं साफ करायची बारीक फाईल असते, तिचं टोक आत तुटलंय. काळजी घेऊनही कधीकधी असं होतं. निघालं तर काढू, नाहीतर बाजूने वाट काढू. तुकड्यापेक्षा अर्धवट काम वाईट. सोमवारी नक्की या." यातला 'तुटलंय' एवढाच शब्द तिने घरी नेला. तुकडा रक्तातून काळजात जातो, असं शेजारीण म्हणाली आणि तिला घास उतरेना. शेवटी थोरली बहीण तिला इथे घेऊन आली.

सोमवारी ती दवाखान्यात गेली नाही. बुधवारी गाल सुजला, गुरुवारी ताप चढला. "विष बाहेर पडतंय," ताई म्हणाली. शुक्रवारी सकाळी तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. आरशात तिला स्वतःचा चेहरा ओळखू येईना.

"ताई, मी मरणार का गं?"

ताईने चपला घातल्या आणि तिला घेऊन दवाखाना गाठला.

डॉक्टरबाईंनी आधी श्वास आणि गिळणं तपासलं. "यात अडथळा असता तर थेट मोठ्या रुग्णालयात पाठवलं असतं," त्या म्हणाल्या. मग नवा एक्स-रे जुन्याशेजारी लावला. त्याच मुळात, त्याच जागी, तुकड्याची तीच पांढरी रेघ.

"मग बाबांनी काढलं ते काय?" ताईचा आवाज चिरकला.

बाईने पर्समधून बाबांनी दिलेली पुडी काढून त्यातला तुकडा दिव्याखाली धरला. वीस वर्षं मशीन चालवलेली नजर ती. "टोकाजवळच भोक आहे," ती सुजल्या तोंडाने कसंबसं म्हणाली. "ही शिलाई मशीनची सुई आहे."

डॉक्टरबाईंनी शेजारी कोरी फाईल ठेवली. केसासारखी बारीक, पिळाची, भोकाचा पत्ता नाही. "बाबांनी तोंडात कापूस घातला असेल, तो कुणाचा होता?"

"त्यांचाच."

"आधी कुणी उलगडून पाहिला?"

"कुणीच नाही," ताई म्हणाली.

दाढ उघडून पू काढला, औषधं दिली. सूज उतरल्यावर लाळ आत जाऊ नये म्हणून दाढेभोवती रबरी पडदा लावून, तुकड्याच्या बाजूने वाट काढून मुळं साफ केली आणि दाढ बंद केली. तुकडा आतच राहिला, निमूट.

पुढच्या आठवड्यात दोघी बाबांच्या खोलीत शिरल्या. एक म्हातारे गृहस्थ तोंड उघडून बसले होते.

"बाबा, कापसाचा बोळा आमचा वापरा," बाई म्हणाली.

"अविश्वासाने लहरी परत फिरतात."

"मग तुमचा आधी उलगडा."

बाबांनी मूठ आवळली. ताईने ती सर्वांसमोर सोडवली आणि कापूस पिंजला. आत सुईचं टोक होतं.

"मलाही भीती वाटली, अजून वाटते," बाई म्हणाली. "पण भीती वाटली की डोळे मिटू नका, विचारा. डॉक्टरला विचारा, बाबालाही विचारा. जो उत्तर देत नाही त्याच्यापुढे तोंड उघडू नका. दाढेचं काम अर्धवट सोडू नका आणि गाल सुजला तर एक दिवसही थांबू नका."

म्हाताऱ्या गृहस्थांनी तोंड मिटलं, गाल चाचपला आणि हळूच विचारलं, "तुमचे डॉक्टर कुठे बसतात?"