पाठीसाठी घेतलेली पिशवी

मित्रांनो, माझ्या पोटात कढत पाणी भरायचे, बूच घट्ट फिरवायचे आणि जिथे दुखते तिथे मला ठेवायचे, एवढाच माझा उपयोग. मी रबराची शेकाची पिशवी आहे. रंग विटकरी, अंगावर उभ्या रेघा. वय सांगायचे तर जिच्या पोटदुखीसाठी मला पहिल्यांदा घरात आणले, त्या मुलीचा आता स्वतःचा संसार आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. तापलेल्या साच्यात मला दाबले, कात्रीने माझ्या कडा नीट केल्या. तपासणाऱ्या बाईने माझ्यात पाणी भरले आणि मला उलटे धरून दोन्ही हातांनी पिळले. थेंबही गळला नाही. "ही टिकेल," ती म्हणाली. तिचे म्हणणे खरे ठरले. मी कधीच गळले नाही. गळले असते तर पुढचे काही घडलेच नसते.

घर दोन खोल्यांचे होते. मुलगी ज्यांना आई आणि बाबा म्हणे, त्यांना मीही तेच म्हणते. बाबा छापखान्यात यंत्रावर होते. आई खिडकीपाशी बसून शिवणकाम करत. पडदे, अभ्रे, शाळेचे गणवेश. दिवसभर मशीनवर वाकून संध्याकाळी त्यांची पाठ धरायची. मग त्या भिंतीला टेकून बसत, मला पाठीमागे सरकवत आणि डोळे मिटून म्हणत, "आता जिवात जीव आला." तेवढे ऐकले की माझे सार्थक व्हायचे. बाबांची म्हातारी आई गुडघ्यांवर मला घेऊन बसे. "सुनेपेक्षा हिची ऊब बरी," ती म्हणे. "ऐकलं हं मी," आई स्वयंपाकघरातून म्हणत, आणि दोघी हसत.

पुढे म्हातारी गेली. मुलगी लग्न होऊन गेली आणि जाताना आईसाठी विजेवर तापणारी गादी ठेवून गेली. माझी रवानगी कपाटावर झाली. तिथे मी सहा वर्षे काढली. धुळीने माझ्या रेघा बुजल्या. त्याबद्दल मी कुरकुर केली नाही. म्हातारपणी अडगळीत जाणे आपल्याला चुकत नाही.

बाबांविषयी सांगितले पाहिजे. ते वाईट नव्हते, मित्रांनो. त्यांनी कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. ते फक्त पीत. आणि प्याले की घरातल्या कोणाला काय दुखते ते त्यांना आठवत नसे. न पिता तरी कुठे आठवत होते म्हणा. शेवटी डॉक्टरांनी यकृत सुजल्याचे सांगितले. आता एक थेंबही नको, म्हणाले. बाबांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली.

बाबा निवृत्त झाले तेव्हा मुलीने दोघांना आठ दिवसांच्या जहाजाच्या सहलीला पाठवायचे ठरवले. जहाज तिने मुद्दाम निवडले होते. तिथे बाहेरून दारू आणायला बंदी होती. वाटेतल्या बंदरात बाटली घेतलीच, तर ती जहाजाच्या दारात जमा करायची आणि शेवटच्या दिवशी परत घ्यायची. जहाजावर विकत मिळे, पण भाव असा की बाबांसारखा हात आखडता असलेला माणूस तिकडे फिरकणार नाही. लेकीचा हिशेब चोख होता.

पण छापखान्यातला एक जुना सोबती असली सहल करून आला होता. त्याने बाबांना सगळ्या वाटा सांगितल्या. गुळण्यांच्या औषधाच्या बाटलीत दारू भरून हिरवा रंग घालायचा. शाम्पूच्या बाटलीत भरून झाकण पुन्हा चिकटवायचे. "पण खरी नामी वस्तू म्हणजे शेकाची पिशवी," तो म्हणाला. "दुखण्याची वस्तू. तिला कोण हात लावतोय?"

निघायच्या आदल्या दिवशी आई शिवलेले कपडे द्यायला गेल्या होत्या. बाबांनी मला कपाटावरून काढले, पुसले आणि माझ्यात रम ओतली. ती थंड होती, तरी मला आतून जाळत गेली.

सकाळी सामान बांधताना मी आईंच्या हाताला लागले. त्यांनी मला उचलले आणि बाबांकडे पाहिले.

"ही तुम्ही घेतलीत? माझ्या पाठीसाठी?"

बाबांनी हातातल्या सदऱ्याची घडी मोडून पुन्हा घातली. "हो. प्रवासात पाठ धरेल ना तुझी."

"मग पाणी आत्ताच कशाला भरलंत?"

"गळते का बघत होतो. राहू दे तशीच."

आई हसल्या. त्यांनी मला आपल्या शालीत गुंडाळले. थोड्या वेळाने मुलीचा फोन आला तेव्हा पहिली गोष्ट त्यांनी तीच सांगितली. "तुझ्या बाबांनी माझी शेकाची पिशवी आठवणीनं घेतली गं." छत्तीस वर्षांच्या संसारात असे पहिल्यांदाच घडत होते.

जहाजाच्या दारात मोठी रांग होती. सामान यंत्रातून जाई आणि पलीकडच्या टेबलावर एक पहारेकरी बाई संशयाच्या वस्तू उघडून बघे. आमच्या पुढच्या तरुणाची गुळण्यांची बाटली तिने उघडली, हुंगली आणि जाळीच्या कपाटात ठेवून दिली. "तोंडाला एवढा वास येत असेल तर दंतवैद्याकडे जा," ती म्हणाली. रांग हसली. बाबाही हसले, पण त्यांचे हसू ओठांपुरतेच होते.

मग तिच्या हातात मी आले. तिने मला दाबले आणि बुचाला हात घातला.

"माझ्या पाठीसाठी आहे हो ती," आई पुढे होऊन म्हणाल्या. "शिवणकामानं पाठ गेलीय. ह्यांनी आठवणीनं घेतली."

त्यांचा चेहरा तेव्हा इतका फुलला होता की पहारेकरी बाई बघतच राहिली. नियमाप्रमाणे तिने बूच उघडायला हवे होते.

"माझ्या आईचीही पाठ अशीच आहे," ती म्हणाली. "जा. केबिनमध्ये गरम पाणी मिळेल तुम्हाला."

तिने मला शालीत गुंडाळून परत दिले.

त्याच दुपारी आईंनी केबिनमधल्या बेसिनपाशी माझे बूच काढले. गार पाणी ओतून कढत भरायचे होते. वास आला. त्यांनी एकदा माझ्यात पाहिले, मग बाबांकडे.

"म्हणजे पाठीसाठी नव्हती."

"अगं, सगळेच आणतात," बाबा म्हणाले. "एखादा घोट. इथे आपल्याला ओळखतंय कोण?"

आईंनी मला बेसिनवर उलटे केले. बाबांनी त्यांचे मनगट धरले. जोर केला नाही, पण सोडलेही नाही. थोड्या वेळाने आईंनीच हात सैल केला. त्या पलंगाच्या कडेवर जाऊन बसल्या आणि पाठीला उशी लावली. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, ओता मला, ओता. पण पिशवीला बूच असते, जीभ नसते.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबा मला टॉवेलात लपवून पोहण्याच्या तलावाशी घेऊन गेले. तिथे दोन नवे मित्र भेटले होते. चहाच्या कपांतून तिघांनी मला जवळजवळ रिकामे केले. उठताना ओल्या पायरीवरून बाबांचा पाय घसरला आणि कपाळ फुटले. मीही फरशीवर आपटले, बूच सुटले, आणि उरलेली दारू सगळ्यांच्या देखत वाहत गेली.

बाबांच्या कपाळाला टाके पडले. मग अधिकाऱ्यांनी दोघांना खोलीत बोलावले. टेबलावर मी होते. भिंतीशी ती पहारेकरी बाई उभी होती.

"ही तपासणीतून आत कशी आली?" अधिकाऱ्यांनी विचारले.

"आम्हाला कोणी काही विचारलंच नाही," बाबा म्हणाले.

पहारेकरी बाईने मान वर केली, पण तिच्या आधी आई बोलल्या.

"विचारलं होतं. त्या उघडतच होत्या. मी थांबवलं."

"तेव्हा आत काय आहे ते तुम्हाला माहीत होतं?"

नवऱ्याने आपल्याला फसवले हे परक्यांसमोर सांगणे सोपे नसते, मित्रांनो. आई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "नाही. मला वाटलं, माझ्यासाठी घेतली."

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतले. बाबांची एका कागदावर सही घेतली, पुन्हा असे करू नका म्हणून सांगितले. पहारेकरी बाईला मात्र नोकरीवरून काढून पुढच्या बंदरात उतरवायचे ठरले. अकरा वर्षे तिने त्या दारात काढली होती. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते मी तिथे पाहिले.

मला दाराजवळच्या जाळीच्या कपाटात ठेवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाई साध्या कपड्यांत, हातात पेटी घेऊन तिथून निघाली. आई वाट बघत उभ्या होत्या.

"माझ्यामुळे झालं," आई म्हणाल्या.

"तुम्ही खोटं बोलला नाहीत. मी उघडून बघायला हवं होतं." ती दोन पावले गेली आणि वळली. "पाठ कशी आहे आता?"

आईंनी तिला हात जोडले.

शेवटच्या दिवशी कपाट उघडले. लोक आपापल्या बाटल्या घेऊन हसतखिदळत उतरले. बाबा केव्हाच पुढे गेले होते. कारकुनाने मला बाहेर काढले.

"बाई, ही तुमचीच ना? रिकामी आहे, नेऊ शकता."

आईंनी माझ्या रेघांवरून बोट फिरवले.

"नाही," त्या म्हणाल्या. "ही आमची नाही."

आता मी जहाजाच्या तळाशी कचऱ्याच्या पोत्यात आहे. उद्या पुढच्या बंदरात हे पोते उतरवतील. मला आईंचा राग नाही. माझ्यात आता कितीही कढत पाणी भरले तरी तो वास जायचा नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणाचे काहीतरी दुखत असेल. गुडघा असेल, पाठ असेल. त्यांना एकदा विचारा, आणि विचाराल तेव्हा खरेच विचारा. दुसऱ्याच्या दुखण्याआड आपली चैन लपवू नका. कारण त्या आठ दिवसांत जहाजावर सगळ्यांचे सगळे झाले. सहल झाली, चौकशी झाली, सह्या झाल्या. आईंची पाठ मात्र एकदाही कोणी शेकली नाही.