बातमीआधी खाली ठेवलेला दिवा

तिला सगळे ‘कात्री’ म्हणत. हे नाव डायरेक्टरनं ठेवलं होतं आणि ते तिला शोभतही होतं, कारण सिनेमातला नको तो क्षण तिच्या तावडीतून सहसा सुटत नसे. वर्षभर अंधाऱ्या एडिटिंगच्या खोलीत बसून तिनं एकच सिनेमा कापला, जोडला, पुन्हा उसवला. गोष्ट मध्ययुगातली. दगडी तटाच्या आतलं गाव, आणि राजाच्या मिठाच्या कोठारात सापडलेलं कोठीवाल्याचं प्रेत. दार आतून बंद. चौकशीला एक म्हातारा न्यायाधीश येतो आणि शेवटी खुनी निघतो राजवैद्य. त्यानं औषधातून दिलेलं विष सावकाश चढलेलं असतं. दाराची कडी बिचाऱ्या कोठीवाल्यानं स्वतःच लावलेली असते.

सिनेमा लागण्याआधी तो परक्या माणसांना दाखवून बघायचा असं ठरलं. एका दुपारी छोट्या थिएटरात वाटेल ती माणसं बोलावली. कात्री शेवटच्या रांगेत बसली. ती पडद्याकडे बघतच नव्हती, समोरच्या डोक्यांकडे बघत होती. डोकी हलायला लागली की समजावं, लोक कंटाळले.

डोकी हलली नाहीत. पण एका जागी भलतंच झालं. कोठीवाल्याची बायको हातात दिवा घेऊन जिन्यात उभी असते. पहारेकरी येतो आणि म्हणतो, “बाई, कोठारात मालक...” ती दिवा पायरीवर ठेवते. मग तो वाक्य पुरं करतो, “...गेले.” एवढंच. पण थिएटरभर एकदम कुजबुज झाली. पुढच्या रांगेतली एक बाई तर मोठ्यानं म्हणाली, “अगंबाई! हिला आधीच माहीत होतं की!”

कात्रीच्या मनात पाल चुकचुकली.

सिनेमा संपला, वैद्यानं पडद्यावर ढसाढसा रडत कबुली दिली, तरी बाहेरच्या कॉरिडॉरमधून लोक हलेनात.

“बायकोनंच मारलं त्याला,” एक बस कंडक्टर छातीठोकपणे म्हणाला.

“अहो, पण वैद्यानं कबूल केलं ना?” डायरेक्टरनं न राहवून विचारलं. हा सिनेमा आपला आहे हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं.

“कबूल काय, कोणीही करतं. जीव जडला असेल तिच्यावर. आणि औषध रोज पाजत कोण होतं? वैद्य होता का तिथे?”

“एक्झॅक्टली!” दाताची डॉक्टर असलेली एक बाई मध्येच म्हणाली. “न्यायाधीशाला शेवटी कळतं ते. म्हणून तर तो तिच्याकडे बघत नाही.”

न्यायाधीश तिच्याकडे बघत नाही, कारण शूटिंगच्या दिवशी त्या नटाची मान आखडली होती. पण हे सांगून कोणाला पटलं असतं? डायरेक्टरचा चेहरा पडला. तो गाडीत जाऊन बसला.

कात्रीच्या सासूबाईही त्या खेळाला होत्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. आयुष्यभर परीक्षेच्या वर्गातून फेऱ्या मारलेल्या, त्यामुळे कॉपी करणारं पोर आपण पाठीवरून ओळखतो असा त्यांचा दावा होता.

“आई, खरं सांगा, कोण वाटलं?” कात्रीनं घरी आल्यावर विचारलं.

“त्यात वाटायचं काय? ती बाई. पुस्तक बाकाखाली असलं की पोरं अशीच आधी हात मोकळे करतात.”

“पण खुनी वैद्य आहे. मला माहीत आहे ना, सिनेमा मी केलाय!”

“तू केलास, मी पाहिला,” सासूबाई म्हणाल्या आणि पंखा वाढवायला उठल्या.

कात्रीला चैन पडेना. चूक आपली तर नाही? पहारेकऱ्याचं बोलणं रेंगाळत होतं म्हणून तिनं तिथे थोडी काटछाट केली होती. तेवढ्यानं उत्तर प्रश्नाच्या आधी आलं असेल का? सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या तिनं त्या प्रसंगाचं सगळं मूळ चित्रीकरण काढलं. सुरुवातीच्या प्रत्येक टेकमध्ये नटी बातमी ऐकते, दचकते आणि मग दिवा ठेवते. शेवटच्या टेकमध्ये मात्र तिनं तो आधीच ठेवला होता. कात्रीनं कापायच्याही आधी. त्या टेकमध्ये तिच्या चेहऱ्यावर उजेड इतका सुंदर पडला होता की बाकी कोणाचं कशाकडे लक्षच गेलं नव्हतं. कात्रीचंसुद्धा.

म्हणजे हे नटीनं केलं होतं. का केलं असेल? डायरेक्टरला फोन करण्याऐवजी ती थेट नटीच्या घरी गेली.

नटी बाह्या सरसावून खिडकीच्या गजांना रंग देत होती. कपाळावर हिरवा ओघळ.

“तू मनातल्या मनात तिला खुनी ठरवलं होतंस का?” कात्रीनं दारातच विचारलं.

“कोणाला?”

“कोठीवाल्याच्या बायकोला. तू दिवा आधीच ठेवलास.”

नटी ब्रश धरून तशीच उभी राहिली. मग हसली. “सापडलं होय तुला! मला वाटलं, कोणाच्या लक्षात येणार नाही.”

“अख्ख्या थिएटरच्या लक्षात आलंय. लोक तुला फासावर चढवायला निघालेत.”

“अरे देवा.” ती खाली स्टुलावर बसली. “मी खुनी म्हणून नाही केलं गं. माझ्या आईनं केलं होतं तसं. बाबा बंदरावर कामाला होते. एका संध्याकाळी आई दूध तापवत होती. जिन्यात पावलं वाजली. आईनं गॅस बंद केला, पातेलं उतरवलं, हात पुसले आणि मग दार उघडलं. बाबांचे सोबती होते. ते अजून काही बोललेसुद्धा नव्हते.”

“तिला कसं कळलं?”

“बाबा जिना धावत चढायचे. त्या दिवशी कोणीतरी सावकाश चढत होतं.” नटीनं ब्रशवरचा रंग डब्याच्या काठाला निपटला. “मी लहान होते. कितीतरी वर्षं मला तिचा राग यायचा. बाबा गेले आणि हिला पातेल्याची पडलीय! खूप उशिरा कळलं. आपले हात आता थरथरणार, हे तिला समजलं होतं. घरात मी होते, आणि दूध उकळत होतं.”

कात्रीनं विचारलं, “डायरेक्टरला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर त्यांनी चर्चा केली असती. मग मला करताच आलं नसतं.”

डायरेक्टरनं सगळं ऐकून घेतलं, पण तो बधला नाही. “तुझं म्हणणं खरं असेल. पण प्रेक्षकाला तिची आई दिसणार आहे का? त्याला दिसणार दिवा. माझा खुनी वैद्य आहे. दुसरा टेक लाव.”

तिनं लावला. दुसरा टेकही वाईट नव्हता. पुन्हा एका दुपारी नवी माणसं बोलावली. या वेळी कुजबुज नाही, ‘अगंबाई’ नाही. वैद्य खुनी निघाला, सगळ्यांना पटला. लोक बाहेर आले, “छान आहे” म्हणाले, फोन चालू केले आणि जिना उतरून गेले. डायरेक्टर कॉरिडॉरमध्ये एकटाच उभा राहिला.

“कोणी काही विचारलं?” त्यानं कात्रीला विचारलं.

“एकानं पार्किंग कुठे ते विचारलं.”

डायरेक्टर खिडकीतून खाली पांगणारी गर्दी बघत राहिला. त्याला राग आला होता, पण कोणाचा ते त्यालाच उमगत नसावं. शेवटी तो म्हणाला, “तिची आई आहे का अजून?”

“आहे.”

“हं.” मग चष्मा पुसत तो म्हणाला, “लाव परत तो टेक. घालू दे गोंधळ लोकांना.”

सिनेमा लागला. एका वर्तमानपत्रानं लिहिलं की संकलकाची ढोबळ चूक एका प्रसंगात नजरेत भरते. ते वाचून कात्रीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सासूबाईंनी मात्र तो कागद मुद्दाम जपून ठेवला. नटी आपल्या आईला घेऊन सिनेमाला गेली. परतताना बसमध्ये आई आधी एवढंच म्हणाली की पातेलं मोठं होतं गं, दिव्यासारखं हलकं नव्हतं. आणि मग घर येईपर्यंत ती बाबांबद्दल बोलत राहिली. एरवी ती त्यांचा विषयच काढत नसे.

लोक मात्र भांडतच होते. काहींसाठी ती पक्की खुनी होती. काही बायका डोळे पुसत बाहेर येत आणि म्हणत, तिला पावलांवरून कळलं बिचारीला. एकदा तर नवरा-बायकोत जिन्यातच जुंपली. कात्रीला त्याचा नादच लागला. काम संपलं की ती कॉरिडॉरच्या बाकावर जाऊन बसायची आणि कान टवकारायची.

एका रविवारी चेक्सचा शर्ट घातलेला एक माणूस आपल्या मेव्हण्याला समजावत होता. “वैद्य नाही आणि बायकोही नाही. मी तिसऱ्यांदा बघतोय. त्या पहारेकऱ्याचे जोडे बघ. मीठ लागलंय त्यांना. दार आतून बंद होतं ना? तेव्हा ते फोडलंही नव्हतं, यानं फटीतून बघितलं म्हणे. मग हा आत कधी गेला?”

कात्री ताडकन उठली. पहारेकऱ्याचे जोडे? तो प्रसंग तिनं शंभरदा कापला-जोडला असेल, पण त्याच्या पायांकडे तिनं एकदाही बघितलं नव्हतं. खेळ सुरू व्हायची घंटा झाली होती. ती धावत तिकीटखिडकीशी गेली आणि म्हणाली, “पुढची रांग द्या. अगदी पुढची.”