आत्याने पास केलेल्या शिड्या

शिड्या बनवायच्या त्या कारखान्यात यंत्रं अशी फारशी नव्हतीच. एक करवत, दोन रंधे, एक भोकं पाडायचं यंत्र आणि आत्या.

आत्या ही मालकाची धाकटी बहीण. मालकाच्या मुलांची आत्या, म्हणून मग अख्ख्या गल्लीची आत्या. वय अठ्ठेचाळीस, वजन अठ्ठ्याण्णव किलो, आणि त्या वजनाचा तिला कोण अभिमान! का नसावा म्हणते मी? शिडी तयार झाली की आत्या एकेका पायरीवर उभी राहायची आणि जागच्या जागी तीन उड्या मारायची. शिडी टिकली की बाजूच्या लाकडावर ठप्पकन शिक्का: पास. ही रीत तिच्या वडिलांनी पाडलेली. 'हिला पेलेल ती कुणालाही पेलेल,' असं ते म्हणायचे. पंचवीस वर्षांत तिच्या शिक्क्याच्या शिडीवरून एक माणूस पडला नव्हता. लग्न झालं नाही, शिक्षण बेताचं, पण त्या शिक्क्यापुढे थोरला भाऊसुद्धा चूं करायचा नाही. घरात आपल्याला मान आहे तो या वजनामुळे, असं तिच्या मनाने पक्कं घेतलं होतं.

आणि अशी ही आत्या प्रेमात पडली. घ्या!

झालं असं की तीन महिन्यांपूर्वी एक रंगारी शिड्या बघायला आला. धिप्पाड, विधुर, कानाच्या पाळीला कायम निळा रंग लागलेला. आत्या पाचव्या पायरीवर चढून उडी मारणार, तेवढ्यात तो धावत आला आणि शिडीला खालून पाय लावून, दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा राहिला.

"हे काय?" आत्या वरून म्हणाली.

"तुम्ही पडलात तर?"

पंचवीस वर्षांत हे कुणी म्हणून विचारलं नव्हतं. शिडी मोडेल का, हे सगळे बघायचे. आत्या मोडेल का, हे बघणारा हा पहिलाच. आत्याला वर उभ्या उभ्या गरगरलं, आणि ते उंचीमुळे नव्हतं.

मग रंगारी दर आठवड्याला येऊ लागला. कधी शिडी हवी म्हणून, कधी नको म्हणून. सगळं गाव तिला आत्या म्हणतं, पण याची जीभ काही तसं म्हणायला वळेना. म्हणून तो नुसतं "अहो" म्हणायचा, तीही "अहो" म्हणायची, आणि मग दोघं पाच-पाच मिनिटं शिडीकडे बघत बसायची.

पण आत्याचं जेवण उडालं. ताटावर बसलं की निळी पाळी आठवायची आणि घास हातातच राहायचा. पोट भरल्यासारखं वाटायचं, दिवसभर उगीच हसू यायचं. कपडे ढगळ होऊ लागले तसं मात्र हसू आटलं. वजन गेलं तर शिक्का जाणार, शिक्का गेला तर आपण या घरात कोण? मग तिने आतून एक स्वेटर चढवला. मग दुसरा. मग कमरेला चादर गुंडाळली. भर उन्हात घामाघूम होऊन, टाचा जेमतेम उचलतील एवढ्याच उड्या मारायची बिचारी, पण कुणाला पत्ता लागू दिला नाही.

त्या सोमवारी सकाळी तिने रंगाऱ्याच्या चार शिड्या पास केल्या. नाटकगृहाचं छत रंगवायला त्याची माणसं त्या घेऊनही गेली. दुपारी मोडक्या करवतीची पाती द्यायला ती भंगारवाल्याकडे गेली, तर त्याचा मोठा काटा मोकळा दिसला. तिला राहवेना. चादर, स्वेटर सगळं काढून ती काट्यावर चढली.

भंगारवाल्याने वजनं चढवली, उतरवली, पुन्हा चढवली. "आत्या, काटा बिघडलाय वाटतं. चौऱ्याहत्तर दाखवतोय."

"तू चढ बघू."

तो चढला. काटा ठणठणीत होता.

आत्याने झटकन हिशेब केला. रंगारी एकटाच नव्वदच्या वर, शिवाय हातात रंगाची भरलेली बादली. ज्या शिडीवर तो चढणार ती शिडी फक्त चौऱ्याहत्तर किलोला पास होती! गुपित राखायचं तर घरी जाऊन गप्प बसणं सोपं होतं. पण आत्याला तो विचार धड सुचलासुद्धा नाही. तिने सगळे कपडे कसेबसे काखेत मारले आणि धूम ठोकली.

वाटेत कारखाना. भाऊ दारात उभा होता. आपली बहीण रस्त्याने पळतेय आणि मागे एक स्वेटर, मग चादर, मग दुसरा स्वेटर टाकत चाललीय, हे बघून त्याच्या हातातला रंधा गळला. "अगं, हिला झालंय काय?" म्हणत तो मागे धावला. त्याच्यामागे वहिनी, पडलेले कपडे गोळा करत, "अहो वन्सं, थांबा!" म्हणत.

नाटकगृहात रंगारी सहाव्या पायरीवर होता. हातात बादली, तोंडात गाणं.

"अहो! खाली उतरा!" आत्या दारातूनच ओरडली.

"अहो, का पण?"

"शिडी कच्ची असेल!"

"शिक्का आहे की तुमचा."

"शिक्का खोटाय!" तिला धाप लागली होती. आठ मजूर हातातले ब्रश तसेच धरून बघत होते, दारात भाऊ आणि वहिनी येऊन थडकले होते. "माझं वजन उतरलंय. चोवीस किलो!"

"आजारी आहात?" रंगाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"नाही हो!"

"मग कशामुळे?"

"तुमच्यामुळे!"

नाटकगृह केवढं ते, वरच्या सज्जापर्यंत ऐकू गेलं. रंगारी एकेक पायरी जपून खाली उतरला आणि तिच्यासमोर उभा राहून म्हणाला, "माझंही सहा किलो गेलंय. मला वाटलं कावीळ झाली. डॉक्टरकडे जाऊन आलो मी!"

आत्याला हसू फुटलं ते काही केल्या थांबेना. तिचं बघून वहिनीला फुटलं.

भाऊ मात्र हसला नाही. त्याने सातव्या पायरीला दोर बांधला आणि रंगाच्या भरलेल्या बादल्या एकेक करून टांगायला लावल्या. वीस किलो, चाळीस, साठ, ऐंशी. पाचवी बादली टांगली आणि पायरी खाडकन मोडली. आत लाकडाची गाठ होती, बाहेरून दिसली नव्हती.

रंगाऱ्याची पुढची पायरी तीच होती.

"या तीन महिन्यांत किती पास केल्यास?" भावाने विचारलं.

"चौदा. चार इथे, दहा गावात." तिने शिक्का काढून त्याच्यापुढे धरला. "घे, दादा. आता मी काय कामाची?"

"वेडी का गं तू?" भाऊ खेकसला. "पोरीला उड्या मारायला लावून शिड्या तपासणारे आम्हीच शहाणे. उद्यापासून वाळूची पोती टांगायची, काट्यावर मोजून, आणि शिडीवर तो आकडा लिहून. पण पोतं काही पळत येऊन 'खाली उतरा' म्हणणार नाही. शिक्का तुझ्याकडेच राहू दे. मात्र त्या दहा शिड्या तूच आणायच्या, आजच. आणि कारण खरं सांगायचं. उगाच थापा मारल्या तर लोक शिडी सोडत नाहीत."

दहा दारं! आत्या बोटांवर मोजू लागली. रंगारी म्हणाला, "अहो, मी येतो ना. शिड्या उचलायला."

पहिल्या दारात शिंप्याने विचारलं, "परत का?" आत्या जमिनीकडे बघत पुटपुटली, "वजन कमी झालंय." "का हो?" तिने नुसतंच शेजारच्या धिप्पाड माणसाकडे बोट केलं. शिंपी तीनताड उडाला. दुसऱ्या दारात तिने "यांच्यामुळे" म्हटलं. चौथ्या दारात पूर्ण वाक्य. सहाव्या दारात बेकरीवाल्याने बायकोला आतून बोलावून पुन्हा सांगायला लावलं आणि आत्याने पुन्हा सांगितलं, अगदी पहिल्या उडीपासून. आठव्या दारापर्यंत मागे बरीच माणसं जमली होती आणि रंगाऱ्याच्या दोन्ही पाळ्या, निळी आणि साधी, लालभडक झाल्या होत्या.

दहावं दार घड्याळं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या बाईंचं. डोळ्याला भिंग लावूनच त्यांनी दार उघडलं.

"ती शिडी परत न्यायचीय," आत्या म्हणाली.

"मागच्या भिंतीला आहे. न्या," म्हणून बाईंनी दार लोटलंसुद्धा.

रंगाऱ्याने शिडी खांद्यावर घेतली. आत्या मात्र दाराच्या पायरीवरून हलेना. तिने पुन्हा कडी वाजवली.

"अहो बाई," ती दाराला तोंड लावून म्हणाली, "का ते नाही विचारणार?"