जिनोआचा खल आणि देविकाची हळद

मित्रांनो, मी एक जुना खल आहे, आणि जुना म्हणजे तुमच्या पणजीच्या वेळचा नव्हे! पाचशे वर्षांपूर्वी इटलीतल्या जिनोआ नावाच्या बंदरात एका पाथरवटाने मला पांढऱ्या संगमरवरातून कोरून काढलं. तो दगड त्याआधी एका रोमन खांबाचा तुकडा होता. खांब पडला तरी दगड वाया घालवणारं आमचं गाव नव्हे. चांगले दगड चर्चच्या भिंतीत जायचे आणि उरलेल्यांचे खल व्हायचे. आज मी इंग्लंडमध्ये, क्रॉयडनच्या एका छोट्या फ्लॅटमध्ये ओट्यावर बसलो आहे, आणि गेल्या शनिवारी मी चक्क कचऱ्यात जायला निघालो होतो! थांबा, क्रमाने सांगतो. पुढचं आधी सांगून टाकायची मला वाईट खोड आहे.

माझं जिनोआ समुद्र आणि डोंगर यांच्या चिमटीत सापडलेलं शहर. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरच्या खिडकीतल्या बाईला हात लांबवून मीठ द्यावं. आमच्या जहाजांनी पिसा शहराला हरवलं, व्हेनिसशी तर पिढ्यानपिढ्या भांडण चाललं. कोलंबस आमच्याच गावचा. तिथला प्रत्येक दगड सांगतो की मी त्याला लहानपणी पाहिलं. मी तसं सांगणार नाही, कारण तेव्हा मला कोरलेलंच नव्हतं! बंदरावरचा उंच दीपस्तंभ नव्याने उभा राहिला तेव्हा मात्र मी होतो. चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात माझ्यात लसूण आणि जाडं मीठ कुटलं जायचं, आणि त्या वासाने खालची माणसं वर बघायची.

सोळाशे सत्तावन्नच्या प्लेगमध्ये निम्मं शहर गेलं. आमच्या मजल्यावर कित्येक महिने कुणी काही कुटलं नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं. पुढे फ्रेंच राजाच्या जहाजांनी समुद्रातून हजारो बॉम्ब टाकले, तेव्हा आमची म्हातारी मालकीण मला छातीशी धरून तळघरात पळाली. दागिने विसरली, खल नाही विसरली! अठराशे साली शहराला वेढा पडला, खायला दाणा मिळेना, तेव्हा पावात घालायला माझ्यात जवस कुटलं. मग अमेरिकेला जाणाऱ्या बोटी भरभरून निघू लागल्या. घरातले दोन मुलगे गेले. मला नेलं नाही. म्हणे जड आहे. अकरा किलो म्हणजे काय जड झालं का?

एकोणीसशे एक्केचाळीसच्या फेब्रुवारीत इंग्रजांच्या युद्धनौकांनी शहरावर तोफा डागल्या. एक गोळा आमच्या कॅथीड्रलमध्ये शिरला आणि फुटलाच नाही! मी मात्र फळीवरून पडलो आणि माझ्या उजव्या कुशीला केसाएवढा तडा गेला. ज्यांनी मला पाडलं त्यांच्याच देशात आज मी राहतो. राग नाही. इतकं वय झालं की राग धरायला उसंत मिळत नाही.

चौदा वर्षांपूर्वी साउथहॅम्प्टनहून एक क्रूझ जिनोआला लागली. तिच्यातून डॉक्टर गिरीश आणि डॉक्टर सुप्रभा उतरले. ते छातीचे डॉक्टर, त्या भूल देणाऱ्या. तोवर आमचं घर मोडून मी जुन्या बाजारात विकायला आलो होतो. तिथे सुप्रभाबाई माझ्यासमोर थबकल्या. गिरीशरावांनी काय करावं? डाव्या हाताचं बोट माझ्या कुशीवर ठेवलं आणि उजव्या हाताच्या बोटाने त्यावर टकटक केली, पेशंटची पाठ तपासतात तशी!

"अगं, राइट साइडला थोडं डल वाजतंय. तडा आहे इथे."

"अहो, खल घ्यायचाय, ॲडमिट नाही करायचाय."

"बरं, पेशंट स्टेबल आहे. घे."

असा मी विलायतेला आलो. आणि मग काय सांगू! हिरव्या मिरचीचा ठेचा! पाचशे वर्षांत असला प्रकार कुणी माझ्यात घातला नव्हता. पहिल्या दिवशी मी हादरलोच, दुसऱ्या दिवशी वाट पाहू लागलो. शेंगदाण्याची चटणी, श्रीखंडाची वेलची, दिवाळीची खसखस. पाहुणे यायचे आणि आधी मला हात लावायचे.

पाच दिवाळ्या अशा गेल्या. सहाव्या दिवाळीला सुप्रभाबाईंनी देवाची पितळी भांडी चिंचेने लख्ख केली आणि त्याच मायेने मलाही चिंच चोळली. मित्रांनो, संगमरवराला आंबट चालत नाही. माझी सगळी तुकतुकी गेली, अंग खरखरीत झालं, चटणी चिकटून बसू लागली. चूक भाबडी होती, पण मी बागेत गेलो. बत्ता ड्रॉवरमध्ये राहिला आणि मी पाखरांच्या अंघोळीचं घंगाळ झालो. नऊ वर्षं! कबुतरांचा स्वभाव मला आता पूर्ण ठाऊक आहे, त्यावर काही बोलत नाही.

आता दोघं थकले. साउथहॅम्प्टनचं घर विकून पिनरला लहान फ्लॅटमध्ये जायचं ठरलं. त्यांची मुलगी अनुया खोल्याखोल्यांतून चिठ्ठ्या चिकटवत फिरत होती. शनिवारी सकाळी ती बागेत आली.

"आई, हे टिपला जाऊ दे, ओके? व्हॅनमध्ये इंचभरसुद्धा जागा नाहीये."

टिप म्हणजे कौन्सिलची कचरा टाकायची जागा. सुप्रभाबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "बघ बाई, तुला वाटेल ते कर," म्हणाल्या. मला गाडीच्या डिकीत टाकलं, फुटक्या कुंडीशेजारी. तोफा परवडल्या, पण हे नको, असं मला तेव्हा वाटलं.

पण त्याच दिवशी घरात गडबड होती! अनुयाची मुलगी देविका, तिचं पुढच्या आठवड्यात लग्न, आणि जुन्या घरातला शेवटचा समारंभ म्हणून हळद कुटण्याचा मुहूर्त तिथेच ठेवलेला. पाच सवाष्णींनी उखळात हळकुंडं कुटायची. उखळ देविकाने ऑनलाइन मागवलं होतं. खोकं उघडलं, आणि आत निघालं तळहातावर मावणारं लाकडी खेळणं!

"आजी, आय ॲम सो सॉरी! मी साइज बघितलीच नाही. इट्स फॉर अ डॉल्स हाउस!"

मुहूर्ताला वीस मिनिटं उरलेली. सगळ्याजणी हसून हसून बेजार झाल्या, आणि मग घड्याळाकडे पाहू लागल्या.

"अनुया, गाडीची किल्ली दे," सुप्रभाबाई म्हणाल्या.

मला धुतलं, पुसलं, पाटावर ठेवलं. गिरीशरावांनी पुन्हा बोटाने ठोकून पाहिलं आणि मान हलवली. "तडा वाढलाय. गॅरंटी देता येणार नाही."

"मग नको ना, आई," अनुया म्हणाली. "मधेच फुटला तर? लग्नाची हळद आहे."

"अगं, चाळीस वर्षं मी पेशंटना झोपवलं. गॅरंटी कुणालाच दिली नाही."

सगळ्यांनी देविकाकडे पाहिलं. ती माझ्याजवळ गुडघ्यांवर बसली. "फुटलं तर फुटलं, आजी. पण मला हे खलच पाहिजे. आपण मिनी उखळमध्ये कुटलो तर ते फेक, म्हणजे खोटंच ना?"

माझी अवस्था काय सांगू! एकीकडे आनंदाने ऊर भरून आलेला, दुसरीकडे भीती. मी फुटलो तर या पोरीच्या हळदीत फुटणार. दोन मुसळांच्या जागी ड्रॉवरमधला बत्ता आणि एक लाटणं आंब्याची पानं लावून एकत्र बांधलं. पाचजणींनी हात लावला. पहिला घाव बसला आणि हळकुंड टुणकन उडून सोफ्याखाली गेलं! दुसरा बसला. तिसऱ्याला माझ्या कुशीतून कळ गेली. मी अंग आवळून धरलं. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या घावांपासून वाचत आलो, त्या दिवशी मात्र मी प्रत्येक घाव मागून घेतला. बायका गात होत्या, हळद फुटत होती. मी फुटलो नाही!

हळद काढून घेतली आणि पाहतात तो काय, माझ्या खरखरीत अंगात रंग खोलवर उतरलेला. अनुया डाग काढायचा स्प्रे घेऊन धावली. देविकाने तिचा हात धरला.

"नको, आई. राहू दे. मी हे माझ्या घरी नेणार."

आणि इथे क्रॉयडनला आणलंच! अख्ख्या वाटभर मला मांडीवर घेऊन बसली होती.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं कुणीतरी कोपऱ्यात पडलेलं असेल. त्याला जपायचं म्हणून बाजूला ठेवू नका. हळुवार हाताने घ्या, पण कामाला घ्या. फुटण्याची आम्हाला भीती वाटते, नाही असं नाही, पण कुणालाच आपली गरज नाही ही भीती तिच्याहून मोठी आहे. आता जिनोआचा म्हातारा दिसतो कसा, म्हणाल तर पिवळाधमक. कुणी विचारलंच की बाबा रे, संगमरवर तर पांढरा असतो ना, तर मी ताठ बसून सांगतो: होतो की पांढरा, देविकाच्या हळदीपर्यंत!