लाल टॅगवाली हार्डडिस्क

थांबा जरा. आधी फिरायला लागते, मग बोलते. मला चालू व्हायला चार मिनिटं दहा सेकंद लागतात. हा आकडा माझा नाही हं, नवनाथचा आहे. त्यानं स्टॉपवॉच लावून मोजलाय.

मी हार्डडिस्क. कुठल्याशा परदेशी कारखान्यात जन्मले आणि एका लॅपटॉपच्या पोटात बसून मोशीतल्या या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आले. माझ्या आत एक चकचकीत तबकडी आहे, ती सहा वर्षं गरगर फिरवली. कुरकुर केली असेन, पण कामाला कधी नाही म्हटलं नाही.

माझे दोन कप्पे, सी आणि डी. डी म्हणजे नवनाथचं संस्थान. तिथं कंपनीचे फोटो, कंपनीचे तक्ते आणि कंपनीच्या वार्षिक दिनी त्यानं ठोकलेल्या भाषणाचे तीन व्हिडिओ. तिन्हींत भाषण एकच, शर्ट वेगळे. सीमध्ये विंडोज आणि डेस्कटॉपवर एकुलतं एक फोल्डर, नाव ‘माझं’. ते दीपमालाचं, म्हणजे नवनाथच्या बायकोचं.

दीपमाला मशीनवर भरतकाम करते. ब्लाउजच्या पाठीवरची नक्षी आधी कागदावर काढायची, मग टाका न् टाका माझ्यात उतरवायचा, की कागद रद्दीत. पाच वर्षांत चारशे बारा नक्ष्या झाल्या. “डेस्कटॉपवर असलं की डोळ्यांसमोर राहतं,” म्हणायची. मी चालू होईपर्यंत तिचा चहा उकळायचा आणि कागदावर एखादी वेल निघायची. माझ्या संथपणाबद्दल तिनं कधी चकार शब्द काढला नाही.

नवनाथ मूळचा उदगीरकडचा. चाकणच्या एका कंपनीत फाइव्ह-एस बघतो. म्हणजे कारखानाभर हिंडायचं, नको असलेली वस्तू हेरायची, तिला लाल टॅग लावायचा आणि भंगारात काढायची. बरं, हे कंपनीत करावं ना! पण गड्यानं टॅगचा गठ्ठाच घरी आणला. आमच्याकडे लाटण्याच्या जागेभोवती पिवळी पट्टी मारलेली आहे. देव्हाऱ्यात हळदीच्या वाटीला ‘हळद’ आणि कुंकवाच्या वाटीला ‘कुंकू’ अशी लेबलं आहेत, देवाची चूक व्हायला नको म्हणून!

अशातच कंपनीत कैझनची स्पर्धा लागली. कैझन म्हणजे छोटीशी सुधारणा. आधीचा फोटो, नंतरचा फोटो आणि किती वेळ वाचला त्याचा आकडा, एवढं तक्त्यावर लिहायचं. नवनाथची नजर घरभर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली.

गुरुवारी, साप्ताहिक सुट्टीच्या सकाळी, त्यानं माझी सवत आणली. एसएसडी! दिसायला माझ्याएवढीच, पण हलकीफुलकी. आत काही फिरत नाही, काही वाजत नाही. डिस्क कशी बदलायची ते दाखवणारा व्हिडिओ मोबाइलवर लावला होता, त्यातला माणूस घसा फोडून सांगत होता, “आधी सगळ्याची कॉपी घ्या.” नवनाथनं तेवढा भाग पुढं ढकलला.

“सीमधी असतंय काय? नुस्तं विंडोज!” तो मला सुनावत होता. “महत्त्वाचं सगळं डीमधी.”

डी कप्पा तेवढा पेनड्राइव्हवर घेतला, मला उपटलं, सवतीला बसवलं. कंपनीत ढिला स्क्रू म्हणजे पाप. त्यामुळे लॅपटॉपच्या पाठीचे एवढेसे स्क्रू त्यानं ट्रकची चाकं आवळावीत तसे आवळले. डोकी पार गुळगुळीत झाली. सवतीत नवं विंडोज टाकलं, डी परत ठेवला आणि लॅपटॉप चालू केला. अकरा सेकंद! स्वारी एकटीच टाळ्या पिटत होती.

मग मला टॅग लागला. वस्तू: हार्डडिस्क. प्रमाण: एक. शेवटचा वापर: आज. निर्णय: नष्ट करणे. डेटा चोरीला जातो म्हणून मला गॅलरीत पाटावर ठेवलं आणि साहेब ड्रिल मशीन घेऊन बसले. कुणाला हवी होती हो याची तीन भाषणं?

एवढ्यात दारात शालनबाई आल्या. या मोशीतल्याच जुन्या घरातल्या, बैलगाडा शर्यतीचा नाद असलेल्या. त्यांच्या तनुजाचं लग्न पुढच्या गुरुवारी. लग्नातल्या ब्लाउजच्या पाठीवर तिला मोर नको होता, त्यांचा बादल बैल हवा होता. दीपमालानं एकोणीस दिवस गोठ्यात बसून तो कागदावर आणि तिथून माझ्यात उतरवला होता, वशिंडावरच्या भोवऱ्यासकट. आणि दिवाळीत बादल गेला.

“दीपाताई, दाव की गं आमचा बादल. पोरीनं त्याच्यापायी धोशा लावलाय.”

दीपमालानं लॅपटॉप उघडला. डेस्कटॉपवर कचऱ्याचा डबा तेवढा होता.

“अहो, माझं ‘माझं’ कुठाय?”

“डीमधी बग की!” गॅलरीतून आवाज, पाठोपाठ ड्रिलचा.

“डीमध्ये तुमची भाषणं आहेत. माझं डेस्कटॉपवर असतं. पाच वर्षं तिथंच असतंय!”

“डेस्कटॉप म्हंजे...” ड्रिलचं टोक माझ्या पाठीला लागलं होतं, तिथंच थांबलं. “आयला. डेस्कटॉप सीमधीच असतंय की.”

खोटं कशाला बोलू, माझी पाचावर धारण बसली होती. पत्र्यावर ओरखडा उठला, तो अजून आहे. नवनाथ मला परत बसवायला धावला, तर स्क्रू एकही हलेना.

“आता वं?” शालनबाईंनी पदर तोंडाला लावला. “म्हंजे बादल पुन्यांदा गेला म्हनायचा?”

दीपमालानं मला ब्लाउजपीसमध्ये गुंडाळलं आणि स्कूटीवरून थेट भोसरी गाठली. तिथल्या दुकानदारानं मला एका छोट्या डबीत बसवलं. तिला वायर होती. ती लॅपटॉपला खोचली की मी बाहेरूनही चालते. एवढं सोपं होतं हो!

घरी येऊन तिनं मला जोडलं. नवनाथ उठायला लागला.

“कुठं निघालात? बसा. चार मिनिटं दहा सेकंद.”

खरं तर बाहेरून जोडल्यावर एवढा वेळ लागत नाही. पण मीही मुद्दाम कण्हत-कुथत घेतला. शेवटी ‘माझं’ उघडलं आणि पडद्यावर बादल उभा राहिला. शालनबाईंनी त्याच्या कपाळावर बोट टेकवलं आणि घळाघळा रडल्या. मला फार बरं वाटलं.

नवनाथ मात्र यादी खाली सरकवतच होता, संपेचना. “एवढ्या नक्ष्या? तू कवा काढल्यास गं?”

“तुमच्यासमोर बसून,” दीपमाला म्हणाली.

बादल लग्नात मिरवला. कैझनचं पहिलं बक्षीस नवनाथला मिळालं. प्रमाणपत्र भिंतीवर आहे, ‘वाचलेला वेळ: तीन मिनिटं एकोणसाठ सेकंद’. तेवढ्या वेळात तो मोबाइल बघतो. मी हल्ली बॉबिनच्या डब्यात राहते. दर गुरुवारी दीपमाला मला जोडते आणि नव्या नक्ष्यांची एक प्रत माझ्यात ठेवते. सवतीवर तिचा अजून भरवसा नाही, आणि मी तो वाढावा म्हणून काही करत नाही.

बाबांनो, बदला खुशाल. नवी आणा, वेगाची आणा. पण ड्रिल हातात घेण्याआधी घरात एकदा विचारा, तुझं काय कुठं आहे म्हणून.

माझा लाल टॅग दीपमालानं त्याच दिवशी काढला. गठ्ठ्यातला एक कोरा टॅग घेतला, भरला आणि प्रमाणपत्राच्या खिळ्याला अडकवला. वस्तू: नवऱ्याचे कान. प्रमाण: दोन. शेवटचा वापर: आठवत नाही. निर्णयाचा रकाना तिनं अजून रिकामा ठेवलाय.